भागीरथीच्या तळाखालून

गेल्या मार्गशीर्षांत मुलीच्या बिऱ्हाडीं कलकत्त्यास जाण्याचा योग आला. (२००१ सालापासून शहराचें नांव कोलकाता झालें आहे, पण सत्तरीकडे झुकलेल्या जिभेस नवें वळण पडत नाहीं.) हावड्यास जांवईबापू उतरून घ्यावयास आले होते. "मामा, आज आपण गंगेच्या खालून जाऊं," ते म्हणाले.

सरकत्या जिन्यांनीं आम्ही सुमारें ३० मीटर खोल उतरलों. गाडी सुटली. ५२० मीटरांचें नदीपात्र ओलांडावयास पाऊण मिनिटच लागतें. मीं डोळे मिटून भागीरथीचें स्मरण केलें. श्लोक पुरा होण्याआधींच पैलतीर आला.

पण हें पाऊण मिनिट मिळावयास किती वर्षें जावीं! काम सुरू झालें २००९ सालीं. नदीखालचीं दोन्ही भुयारें २०१७ सालीं अवघ्या कांहीं आठवड्यांत खणून झालीं; उतारू त्यांतून गेले ते मार्च २०२४ मध्यें, आणि सियालद्यापर्यंत सलग गाडी धांवूं लागली २२ ऑगस्ट २०२५ रोजीं. भगीरथाच्या आधीं अंशुमान व दिलीप तपांतच खपले, तें उगीच नव्हे. येथील पहिली भुयारी रेल्वेहि याच कुळांतली. १९७२ सालीं कोनशिला, १९८४ सालीं पहिले ३.४ किलोमीटर, आणि दमदम ते टॉलीगंज मार्ग पुरा व्हावयास १९९५ साल उजाडलें. पैसा अपुरा, रस्त्याखालीं जुने नळ, कोर्टाचे मनाईहुकूम! अर्धवट खणण्याची या शहराची खोड तशी जुनीच. आपल्या नागपूरकर भोसल्यांच्या धाकानें १७४२ सालीं येथें खंदक खणावयास घेतला; तो अपुराच राहिला, आणि १७९९ सालीं बुजवून त्यावर रस्ता केला.

"नदीला आठवडे, आणि पुढच्या पाऊण कोसास आठ वर्षें, हें कसें?" मीं जांवईबापूंस विचारलें. उत्तर शेजारच्या वृद्ध बंगाली गृहस्थांनीं हिंदींत दिलें. "नदीनें नाहीं अडविलें, मोशाय. आमच्या घरांनीं अडविलें."

त्यांचें वडिलोपार्जित घर बऊबाजारांत. ३१ ऑगस्ट २०१९ रोजीं खणण्याचें यंत्र पाणी धरून असलेल्या वाळूच्या थरास लागलें. भुयारांत पाणी घुसलें, वरची जमीन खचली, घरांस भेगा गेल्या, कांहीं कोसळलीं. गल्ल्याच्या गल्ल्या रिकाम्या झाल्या. मे २०२२ मध्यें पुन्हां तेंच.

"चार भाऊ एका चुलीवर जेवत होतों. देवघरांतली मूर्ति आणि कागदपत्रें तेवढीं घेऊन निघालों. वाटलें, दोन दिवसांनीं परतूं. आतां चार वस्त्यांत चार चुली आहेत."

दिरंगाईवर मी वर्गांत जन्मभर रागावलों आहें. येथें कोणावर रागवावें तें कळेना. काम थांबलें नसतें तर आणखी किती घरें गेलीं असतीं? आणि घरांखालीं काय आहे तें आधींच नीट पाहिलें असतें तर?

"तरी आपण याच गाडीनें जातां?"

"कां न जावें? हावड्याहून दहा-बारा मिनिटें. धाकटा भाऊ सियालद्यास राहतो. रविवारीं आम्ही चौघे त्याच्याकडेच जेवतों."

सियालदा आलें. नव्या गुळाच्या संदेशाची पेटी छातीशीं धरून ते उतरले आणि गर्दींतून जिन्याकडे चालूं लागले.