चुकाऱ्याचे बारा वाटे

कळंबच्या चिंतामणीच्या दर्शनाला पायऱ्या उतरून खाली जावं लागतं. खाली पाण्याचं कुंड आहे. बारा वर्षांनी या कुंडाला गंगा येते, पाणी चढत चढत देवाच्या पायांना लागतं आणि मग ओसरतं, अशी इथली श्रद्धा. आमच्याकडच्या कास्तकाराच्या घरात पैसाही असाच येतो. वाट पाहायला लावून, एकदम येतो आणि आला की ओसरू लागतो.

मृगात टोबलेली सरकी दसरा-दिवाळीला पहिला वेचा देते. सोयाबीन त्याच्या जरा आधी घरात येतं, तूर संक्रांतीच्या पुढेमागे. वर्षाची कमाई या मोजक्या महिन्यांत हाती पडते. खर्चाला मात्र हंगाम नाही. दूध रोज लागतं, किराणा दर महिन्याला आणि आजारपण कधीही. जून उजाडला की बियाणं, खत आणि पोरांच्या वह्या एकदमच दारात उभ्या राहतात.

घरखर्चाचा जो साधा तक्ता सगळीकडे शिकवतात, एका बाजूला महिन्याची मिळकत आणि दुसऱ्या बाजूला महिन्याचा खर्च, तो पगारदाराच्या घराला शोभतो. कपाशीवरच्या घराला आडवा कागद हवा. पोराची जुनी वही आडवी धरायची, पट्टीने बारा रकाने पाडायचे आणि पहिल्या रकान्यावर कार्तिक लिहायचा, कारण आमचं वर्ष चुकाऱ्यापासून, म्हणजे विकलेल्या मालाचे पैसे हाती पडल्यापासून, सुरू होतं.

मग वर्षातून एकदाच येणारे खर्च आधी मांडायचे: पोळा, महालक्ष्म्या, उन्हाळ्यातलं वर्षाचं तिखट आणि वाळवण, शाळेची फी. महालक्ष्म्यांना सहा हजार लागत असतील, तर दर रकान्यात पाचशे. एवढं केलं की भाद्रपदात कुणापुढे हात पसरावा लागत नाही. मोबाईलचं अठ्ठावीस दिवसांचं रिचार्ज वर्षात बारा नव्हे, तेरा वेळा मारावं लागतं. कागदावर मांडेपर्यंत ते तेरावं कुणाच्या ध्यानातच येत नाही.

मिळकतीच्या बाजूला पहिली वजाबाकी शेताची. पुढच्या मृगाची सरकी, खत, फवारणी, निंदणाची मजुरी आणि सोसायटीचं कर्ज एवढं काढून जे उरेल, तेच घराचं. त्याचे बारा वाटे करायचे. पीएम किसानचे दोन हजार चार महिन्यांतून एकदा येतात, म्हणजे महिन्याला पाचशे. बारावा वाटा एवढासा दिसतो. तो पाहून छातीत धस्स होतं, पण ते कार्तिकात झालेलं बरं. तेव्हा हातात काही तरी असतं. आषाढात कळलं, तर फक्त सावकाराचं दार उरतं.

अशा हिशोबाचा धडा जवळच मिळतो. वर्धा कळंबपासून फार दूर नाही. त्याच वर्ध्याजवळ सेवाग्रामला राहिलेल्या गांधीजींनी आत्मकथेत लिहून ठेवलंय, की लंडनला शिकताना ते बसभाडं आणि टपालखर्चसुद्धा टिपून ठेवत आणि रात्री निजण्याआधी शिल्लक जुळवत. पै-पैचा हिशोब ठेवण्यात कंजूषपणा नाही. आपल्या घामाच्या पैशाचा तो मान आहे.

हा मान आमच्या बाया एका ठिकाणी नेमाने राखतात. बचत गटाच्या पंचसूत्रीत नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज आणि परतफेड यांच्या जोडीला पाचवं सूत्र हिशोब लिहिण्याचं आहे. गटाच्या रजिस्टरात एकेका बाईची बचत, कर्ज आणि व्याज शाईने उतरतं, खाली सह्या होतात. त्याच बायांच्या घरचा हिशोब मात्र डोक्यात राहतो आणि उधारी दुकानदाराच्या वहीत. डोक्यातला हिशोब एकटीचा असतो, त्याचा घोरही एकटीलाच. कागद चुलीजवळ मांडला, की नवरा वाचतो, कॉलेजातली पोरगी बेरीज तपासते, आणि पोळ्याला नवे कपडे का नाहीत हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

असे कागद पाहताना एक गोष्ट मला फार टोचते. बैलाच्या ढेपेची ओळ असते, नवऱ्याच्या खऱ्ऱ्याची असते, सासूच्या गोळ्यांची असते. बाईच्या नावाची ओळ नसते. तिचा चष्मा, तिची दुखरी दाढ, तिची माहेरी जायची एसटी, सगळं ‘पुढं पाहू’वर जातं. २०२४ च्या ऑगस्टपासून लाडकी बहीण योजनेचे दीड हजार तिच्या खात्यात येऊ लागले, तेही बहुतेकदा तेल-डाळीतच जिरतात. घरासाठी गेले याचं तिला वाईट वाटत नाही. पण ज्या कापसावर घर चालतं, तो वेचणीच्या दिवसांत कंबर वाकवून तिनेच वेचलेला असतो.

म्हणून कागदावरची पहिली ओळ तिची असू द्या. किराणा त्याच्या खाली मांडा. घर चालवणाऱ्या बाईचं दुखणंखुपणं हा घराचाच खर्च आहे आणि त्याचे पैसे चुकारा आला त्या दिवशीच बाजूला निघाले पाहिजेत.