पुनावळ्याच्या वाटेवर : लहान धक्का आणि जीपचे पाटे

आकुर्डी स्टेशनवर उतरून रावेतच्या बाजूने पवना नदी ओलांडली, की पुनावळ्याची शीव लागते. शीव म्हणायची ती जुन्या माणसांच्या तोंडची. आता बांध कोठे संपला आणि वसाहत कोठे सुरू झाली, हे परक्याला कळणे कठीण. १९९७ साली हे गाव पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत आले. शेजारी हिंजवडीला संगणकाच्या कंपन्या आल्या आणि शेतजमिनीवर उंच इमारती उभ्या राहिल्या. तरीही गावठाणात शिरले की देऊळ, पार, जुनी घरे आणि दावणीला बांधलेले एखादे जनावर दिसते आणि आपण गावातच आहोत अशी खात्री पटते.

गावाच्या अंगावरून मुंबई-बंगळूर हमरस्ता जातो. पलीकडे मारुंजी, जांबे, नेरे, कासारसाई ही गावे. तिकडची भाताची पोती, भाजी, दुधाचे कॅन आणि दवाखान्याला निघालेली माणसे घेऊन येणाऱ्या गाड्यांना हमरस्त्याखालच्या भुयारी मार्गातून यावे लागते. गर्दीच्या वेळी तेथे गाडीला गाडी खेटून उभी असते. मोठे अपघात होत नाहीत, पण लहानसहान धक्के नित्याचेच. कोणाचा बंपर चेपतो, कोणाचे चाक कठड्यावर आपटते. दोन शब्द बोलून माणसे पुढे जातात. लेखाचा विषय आहे तो या ‘पुढे जाण्याचा’.

या पट्ट्याला यंत्राची ओळख नवी नाही. पिंपरीला १९५४ साली पेनिसिलीनचा सरकारी कारखाना निघाला, आकुर्डीला स्कूटर आणि टेम्पो तयार होऊ लागले, १९६६ साली टेल्को आली आणि २०१० साली चाकणला महिंद्रांचा कारखाना सुरू झाला. त्यामुळे आसपासच्या गावांत घरटी एक तरी माणूस पान्याशी खेळलेला सापडतो. पुनावळ्याच्या बाजूच्या रस्त्यावर पत्र्याच्या शेडमध्ये गॅरेज चालवणारे एक वयस्क मिस्त्री त्यांपैकीच. चिंचवडच्या एका कारखान्यात नोकरी करून निवृत्त झाले आणि येथे बसले. त्यांच्याकडे एक सकाळ घालवली, तेव्हा पाहिलेले आणि समजलेले येथे देत आहे.

दुखणे कोठे, औषध कोठे

मावळातील एक शेतकरी आपली जुनी जीप घेऊन आले होते. बरोबर पत्नी. आदल्या संध्याकाळी गर्दीत पुढचे डावे चाक रस्त्याच्या दगडी कठड्यावर आपटले होते. वेग बैलगाडीचा. बंपरला खरचटलेसुद्धा नाही. पण तेव्हापासून गाडी डावीकडे ओढत होती आणि सरळ जाताना स्टिअरिंगचे चाक वाकडे धरावे लागत होते. वाटेतल्या एकाने पाहून सांगितले होते की दोन्ही शॉकॲब्सॉर्बर गेले, ते बदला आणि चाकांची अलाइनमेंट करून घ्या. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना बसवून ताम्हिणी घाटाने कोकणात उतरायचे होते.

“मामा, तेवढं शॉकॲब्सॉर्बरचं बघा आणि गाडी मोकळी करा,” शेतकरी म्हणाले.

मिस्त्रींनी पान्याला हात लावला नाही. सपाट फरशीवर गाडी उभी केली, चाके सरळ केली आणि फीत काढली. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी माप घेतले. उजवीकडे २३१ सेंटिमीटर भरले, डावीकडे २२९.

“शॉकॲब्सॉर्बर गेला म्हणून चाक मागं सरकत नाही, दादा,” ते म्हणाले. “आस जागेवरनं हलला आहे.”

हे समजण्यासाठी जुन्या जीपची ठेवण पाहिली पाहिजे. महिंद्रांनी मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली, तेव्हापासून जीप म्हटले की चारही बाजूंना पोलादी पाटे हे चित्र आपल्या डोळ्यांपुढे आहे. एकावर एक ठेवलेल्या या पाट्यांना मधोमध भोक असते. त्यातून एक बोल्ट जातो, त्याला सेंटर बोल्ट म्हणतात. त्याचे डोके आसावरच्या बैठकीच्या खड्ड्यात बसते आणि आस पाट्यावर नेमका कोठे राहावा ते ठरवते. पण आसाला पाट्याशी आवळून धरण्याचे खरे काम यू बोल्टचे. हे सैल झाले की सगळा जोर त्या बोटाएवढ्या सेंटर बोल्टवर येतो. गोठ्याचे दार बिजागरीतून निखळले आणि नुसत्या कडीवर लोंबू लागले, तर कडी किती दिवस टिकणार? तसाच हा प्रकार.

आवाज कोणी ऐकला?

मिस्त्रींनी विचारले, “धक्क्याच्या आधी गाडीत काही वेगळं जाणवत होतं का?” शेतकरी म्हणाले, काही नाही. तेव्हा त्यांच्या पत्नी बोलल्या, “महिनाभर ब्रेक लावला की माझ्या पायाखाली टक् असा आवाज येतोय. मी दोनदा म्हटलं, पण पोत्यांचा आवाज असेल म्हणून सोडून दिलं.”

“वहिनी, निम्मं काम तुम्हीच केलंत,” मिस्त्री म्हणाले.

मागच्या चाकांना दगड लावले, जॅकने पुढचा भाग उचलला आणि चासीखाली लोखंडी घोडे देऊन मगच ते खाली शिरले. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही जाऊ नये. जॅक सरकला तर माणूस वाचत नाही.

यू बोल्ट सोडवल्यावर सेंटर बोल्ट दोन तुकड्यांत हाती आला. मिस्त्रींनी तुटलेले तोंड पुसून उजेडात धरले. अर्धा भाग गंजून तपकिरी पडला होता, अर्धा चकचकीत होता. गंजलेला भाग म्हणजे जुनी चीर. कठड्याच्या धक्क्याने फक्त राहिलेला अर्धा भाग तुटला. मूळ दुखणे महिन्यापूर्वीचे, सैल यू बोल्टचे. तो ‘टक्’ आवाज आस पुढे-मागे हलल्याचा होता.

जीप तशीच घाटात गेली असती तर? भरलेल्या गाडीला उतारावर ब्रेक लागला की आस आणखी सरकतो, स्टिअरिंगचे दांडे ओढले जातात, ब्रेकची नळी ताणली जाते. वळणावर गाडी कोठे जाईल, हे चालवणाऱ्याच्या हाती राहत नाही.

दुरुस्तीची रीत

पाटे सुटे करून रॉकेलने धुतले आणि भोकाभोवती चीर आहे का ते पाहिले. चीर बहुधा तेथेच पडते. या जीपचे पाटे शाबूत निघाले. पाट्याच्या टोकाचा एक बुश मात्र झिजला होता, तो बदलला. पाटा तुटला असता तर नवा घालणे एवढाच उपाय. आपला लोहार विळ्याला पाणी देतो तसे पाट्यालाही कारखान्यात पाणी दिलेले असते. भट्टीत तापवला किंवा वेल्डिंग केला की ते पाणी उतरते आणि पाटा पुन्हा तेथेच तुटतो. स्टिअरिंगच्या दांड्यांना तर वेल्डिंगची आच मुळीच लागू देऊ नये. वाकला दांडा, बदलला दांडा.

सेंटर बोल्ट नवा घातला, यू बोल्टही नवे. एकदा ताणलेले यू बोल्ट पुन्हा वापरू नयेत. आवळताना समोरासमोरचे आट्यापाट्याने, थोडेथोडे, आणि शेवटची आवळणी गाडीचा भार चाकांवर आल्यावर, कंपनीच्या पुस्तकातल्या आकड्याप्रमाणे. उजवीकडचे यू बोल्टही तपासले, कारण एक बाजू सैल झाली तर दुसरी किती घट्ट असणार?

मग चासी वाकली नाही ना, याची परीक्षा. चासीवरच्या समोरासमोरच्या चार जागांवरून ओळंबा सोडून फरशीवर खडूच्या खुणा केल्या आणि दोरीने दोन्ही कर्ण मोजले. घराचा पाया आखताना गवंडी हेच करतो. कर्ण सारखे भरले, चासी सरळ ठरली. चाक धरून वर-खाली हलवून किंगपिनची ढिलाई पाहिली. शॉकॲब्सॉर्बर तेल गळत नव्हते, वाकले नव्हते. ते तसेच राहिले. पुन्हा फीत लावली, तेव्हा दोन्ही बाजू सारख्या भरल्या. सर्वांत शेवटी अलाइनमेंट. आस हललेला असताना अलाइनमेंट करणे म्हणजे वाकड्या भिंतीला चुना देणे.

ज्यांच्याकडे नव्या तऱ्हेची गाडी आहे, तिच्या पुढच्या चाकांना बहुधा पाटे नसतात. तेथे गुंडाळीची स्प्रिंग, खालचा आर्म आणि बॉल जॉइंट असतात. वस्तू वेगळ्या, पण क्रम तोच: आधी मोजणे, मग कारण शोधणे, नंतर सुटे भाग. वाकलेला आर्म ठोकून सरळ करून घेऊ नये.

घरच्यांसाठी चार गोष्टी

धक्का लागल्यावर गाडी चालते एवढ्यावर समाधान मानू नये. स्टिअरिंग वाकडे झाले, गाडी एकीकडे ओढू लागली, एका कोपऱ्यात बसली किंवा चाक पत्र्याला घासू लागले, तर माणसे आणि माल उतरवावा. चाकांच्या मध्यांमधले अंतर दोन्ही बाजूंनी दोरीने मोजावे. ते काम घरची कोणीही दोन माणसे करू शकतात. काही गाड्यांत दोन्ही बाजूंत थोडा फरक मुळातच असतो, म्हणून गाडी चांगली असतानाच माप घेऊन वहीत लिहून ठेवावे.

दुरुस्तीआधी फोटो काढावेत आणि विमा कंपनीला कळवावे. मात्र आपल्या गाडीच्या नुकसानीचा विमा असेल तरच भरपाई मिळते; नुसत्या तिसऱ्या पक्षाच्या विम्यात ती नसते.

गॅरेजमधून निघताना जुने भाग मागून घ्यावेत आणि तुटलेले तोंड स्वतः पाहावे. नव्या यू बोल्टची आवळणी भारासह शंभर-दोनशे किलोमीटर गाडी चालल्यावर पुन्हा तपासून घ्यावी. हे काम दहा मिनिटांचे, पण बहुतेकजण विसरतात आणि तेथूनच पुढचा ‘टक्’ सुरू होतो.

आणि गाडीत बसणारे कोणी, बाई असो की पोर, “आवाज येतोय” म्हणाले, तर गाडी थांबवून ऐकावे. चालवणाऱ्याचे कान इंजिनाकडे असतात. शेजारी बसणाऱ्याच्या पायाला आस कळतो.