धुआँधारच्या गावात धुराचा हिशेब

भेडाघाटला धुआँधार धबधब्यासमोर उभं राहिलं की त्या नावाचा अर्थ कुणी सांगावा लागत नाही. नर्मदा खडकावरून झेप घेते आणि तुषारांचे लोट धुरासारखे वर चढतात. पुढे संगमरवरी कड्यांमधून नावेची सैर आणि टेकडीवर कलचुरी काळातलं चौसष्ट योगिनींचं मंदिर. २०२१ साली भेडाघाट-लमेटाघाट परिसर युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आला. महाराष्ट्रातून जाणारी कुटुंबं बहुधा एवढं पाहून समाधानानं परततात. पण तिथून वीस-पंचवीस किलोमीटरवर दुसरं जबलपूर आहे, लोखंडाचं!

मुंबईहून आणि कलकत्त्याहून निघालेले लोहमार्ग १८७० साली इथेच एकमेकांना भेटले. १९०४ मध्ये तोफगाड्यांचा कारखाना उभा राहिला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खमरियाचा दारूगोळा कारखाना आला, १९६९ मध्ये लष्करी वाहनांचा आणि सत्तरच्या दशकात ओतीव लोखंडाचा, म्हणजे ग्रे आयर्न फाउंड्रीचा. २०१९ साली लष्कराला मिळालेल्या पहिल्या ‘धनुष’ तोफा जबलपूरच्याच. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळाच्या सात कंपन्या झाल्या आणि ही फाउंड्री ‘यंत्र इंडिया’कडे गेली. या कंपनीचं मुख्यालय नागपूरला आहे. जबलपूरच्या कितीतरी घरांची चूल या कारखान्यांच्या भोंग्यावर पेटत आली.

या भागाची लोखंडाशी ओळख मात्र भोंग्यापेक्षा फार जुनी. जिल्ह्यात सिहोऱ्याच्या आसपास लोहखनिज सापडतं. शेजारच्या मंडला भागातले अगारिया मातीची छोटी भट्टी रचून, कोळसा पेटवून आणि पायानं भाता चालवून खनिजातून लोखंड काढत. व्हेरियर एल्विन यांनी १९४२ मध्ये त्यांच्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. त्या भट्टीचाही धूर होताच. पण भट्टी लहान आणि भोवती जंगल अफाट. तिची किंमत मोजली ती कोळशासाठी तुटलेल्या झाडांनी.

शहराजवळच्या भट्टीचा धूर मात्र माणसांच्या घरात शिरतो. फाउंड्रीत खनिज नसतं. कच्चं लोखंड आणि भंगार वितळवून वाळूच्या साच्यात ओततात. देशभरात पिढ्यान्‌पिढ्या हे काम क्युपोला भट्टीवर झालं. उभ्या नळकांड्यात कोक, लोखंड आणि चुनखडी यांचे थर द्यायचे आणि खालून जोरानं हवा सोडायची. वर येतात ते धुलिकण, कोकमधल्या गंधकाचा सल्फर डायऑक्साइड आणि अर्धवट जळालेला विषारी कार्बन मोनॉक्साइड. साचा फोडताना उडणारी वाळूची बारीक धूळ निराळीच. ती पहिल्यांदा जाते कामगाराच्या फुफ्फुसात. त्यातून होणारा सिलिकोसिस बरा होत नाही.

मग लोखंड हवं तर धूर सोसायलाच हवा का? तसं नाही. धूर लोखंडापेक्षा ते वितळवण्याच्या पद्धतीतून अधिक येतो. हावड्यात १९९८ साली सुधारित क्युपोला उभारून दाखवण्यात आली. तिच्यात हवा एकाऐवजी दोन ओळींतून सोडतात. त्यामुळे वाया जाणारा वायू आतच जळतो आणि कोक कमी लागतो. उरलेली धूळ पाण्याच्या फवाऱ्यानं धरली जाते. आग्र्यात ताजमहालासाठी सर्वोच्च न्यायालयाने ३० डिसेंबर १९९६ रोजी कोक-कोळसा वापरणाऱ्या उद्योगांना गॅसवर जा, नाहीतर तिथून हला, असं बजावलं. आपल्या कोल्हापुरात शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या अनेक फाउंड्र्यांत विजेवरची इंडक्शन भट्टी आली. तिच्यात तांब्याच्या वेटोळ्यातून वीज फिरते आणि धातू स्वतःच तापतो. कोकची गरजच नाही.

अर्थात विजेची भट्टी म्हणजे धुराला कायमचा रामराम नव्हे. तेलकट, रंग दिलेलं किंवा जस्ताचा मुलामा असलेलं भंगार टाकलं तर तिच्यातूनही विषारी धूर निघतोच. म्हणून भंगार आधी निवडून, साफ करून घ्यावं लागतं. भट्टीच्या तोंडावर धूर ओढून घेणारं छत्र आणि पुढे कापडी पिशव्यांची गाळणी हवी. ही वीज कोळशाच्या केंद्रातून आली तर धूर नाहीसा न होता दुसऱ्या गावाच्या वाट्याला जातो, हेही ध्यानात ठेवायला हवं.

जबलपूरने या दिशेनं दखल घ्यावी असं काम केलं आहे. केंद्राच्या स्वच्छ वायू सर्वेक्षणात दहा लाखांवरील वस्तीच्या शहरांत ते २०२४ मध्ये सुरतनंतर आणि २०२५ मध्ये इंदूरनंतर दुसरं आलं. इथे रस्त्यावरची धूळ, कचरा जाळणं, वाहनं आणि उद्योग यांवर केलेले उपाय तपासले जातात. म्हणजे हे प्रशस्तिपत्रक मुख्यतः प्रयत्नांचं आहे. हवा कायमची निर्मळ झाल्याचा तो दाखला नव्हे. शहरातल्या धुळीचं सारं खापर भट्ट्यांवर फोडणंही अन्यायाचं होईल.

खरी परीक्षा असते लहान कारखानदाराची. मोठ्या कारखान्याला गाळणी परवडते. दहा-बारा माणसांच्या फाउंड्रीला ती वेगळा खर्च वाटते. नियम त्यालाही आहेत. ताशी तीन टनांहून लहान क्युपोलाला धुराच्या घनमीटरमागे ४५० मिलिग्रॅम धुलिकणांची मुभा आहे, मोठीला १५०. लहानाला ही सूट मिळते खरी, पण शेजारच्या मुलाच्या छातीला ती मिळत नाही. म्हणून सक्तीबरोबर स्वस्त कर्ज, अनेकांनी मिळून वापरायची यंत्रणा आणि कारागिरांना शिक्षणही हवं. गाळणी एकदा बसवून भागत नाही. पिशव्या फाटतात, पंखे अडतात आणि त्या रोज पाहाव्या लागतात.

लोखंडानं जबलपूरला पोसलं. ते पुढेही पोसेल, आणि पोसायलाच हवं. फक्त संध्याकाळी कामावरून घरी येणाऱ्या माणसानं पगाराबरोबर खोकलाही आणू नये, एवढंच पाहायचं आहे.