खलनायक घरीं येतो

साठी उलटलेल्या माणसानें हलत्या चित्रांचा खेळ पाहत नातीशेजारीं बैठक मारावी, हें आमच्या वडिलांच्या काळीं कोणास रुचलें नसतें. वडील संस्कृताचे मोठे व्यासंगी. अमरकोश आणि रूपावली हींच आमचीं खेळणीं. परंतु दिवाळीच्या सुटींत माझी सात वर्षांची नात पुण्याहून खाप्यास येते, आणि ती आली म्हणजे दूरदर्शनसंचाचा ताबा कोणाकडे जातो हें वाचकांस सांगावयास नको. बाहेर कन्हानेवरून गार वारा येत असतो; पलीकडच्या आळींत एखाद्या मागाची खटखट अजून ऐकूं येते (पूर्वी सारा गांव त्या खटखटीनेंच जागा होत असे); सौभाग्यवती स्वयंपाकघरांत संत्र्यांचा मुरंबा ढवळीत असतात; आणि माझ्या मांडीवर डोकें टेकून ती पोर मला समजावून सांगते, “आजोबा, हा ग्रू. हा आधीं वाईट होता.”

“मग आतां?” मीं विचारलें.

“आतां बाबा झालाय.”

या दोन वाक्यांत कथानक संपलें असें मला वाटलें होतें. पण तसें नव्हतें.

‘डेस्पिकेबल मी’ या अमेरिकन चित्रपटाचा हा दुसरा भाग. पहिला भाग २०१० सालीं आला, हा २०१३ सालीं. दोहोंचें दिग्दर्शन पिएर कॉफिन आणि क्रिस रेनो या दोघांचें. पहिल्या भागांत हा ग्रू म्हणजे लांब नाकाचा, टकल्या, जगांतील सर्वांत मोठा चोर होण्याच्या हव्यासानें पेटलेला गृहस्थ. त्याला चंद्र चोरावयाचा असतो. त्या उद्योगांत प्रतिस्पर्ध्याच्या किल्ल्यांत शिरकाव व्हावा एवढ्याचसाठीं तो अनाथाश्रमांतून तीन मुली दत्तक घेतो. मार्गो, एडिथ आणि ॲग्नेस हीं त्यांचीं नांवें. चंद्र चोरण्याचा दिवस आणि मुलींच्या नाचाच्या कार्यक्रमाचा दिवस नेमका एकच निघतो. गृहस्थ चंद्राकडे जातो, आणि परत येतो तों सभागृह रिकामें! मुलांच्या चित्रांत इतकी खरी गोष्ट कोणी घालील अशी माझी कल्पना नव्हती. आम्ही शाळामास्तरांनीं अशीं रिकामीं झालेलीं सभागृहें पुष्कळ पाहिलीं आहेत. शेवटची सतरंजी गुंडाळली जाईपर्यंत दाराकडे पाहत उभें राहिलेलें एखादें मूलहि पाहिलें आहे.

दुसऱ्या भागांत चोरीचा धंदा बंद झालेला आहे. ज्या तळघरांत अग्निबाण तयार होत, तेथें आतां फळांचे मुरंबे शिजतात. ते इतके बेचव होतात कीं त्याचे पिवळे बुटके चाकर देखील तोंड वांकडें करतात. (“साखर कमी पडली असेल,” सौभाग्यवतींनीं आंतून अभिप्राय दिला.) त्याचा जुना शास्त्रज्ञ सहकारी तर या सात्त्विक उद्योगास कंटाळून सरळ दुसरी नोकरी पत्करतो, त्याला दुष्टपणाची आठवण येते म्हणे. हा प्रसंग विनोदासाठीं घातलेला आहे हें मला समजतें. पण सुधारलेल्या माणसाची खरी अडचण त्यांत आहे. वाईटपणांत त्याची कीर्ति होती, चांगलेपणांत त्याच्या मुरंब्याला चव नाहीं.

धाकट्या ॲग्नेसच्या वाढदिवसास परी होऊन यावयाची बाई येत नाहीं. तेव्हां हा एके काळचा नामांकित चोर स्वतः गुलाबी घागरा घालून, पंख लावून अंगणांत उतरतो. माझी नात हंसून गडबडां लोळली. माझी मुलगीहि हंसली. हंसतां हंसतां तिनें एकदां माझ्याकडे पाहिलें आणि पुन्हां पडद्याकडे नजर वळविली. त्या पाहण्यांत आरोप नव्हता. पण मला तें लागलें खरें.

पुढें ॲग्नेस आईविषयींची एक कविता पाठ म्हणून दाखविते. तिला आई नाहीं. सारे शब्द बिनचूक, पण स्वर एकसुरी, डोळे समोर ठेवलेल्या बाहुलीसारखे. मी मास्तर; अशा पाठांतराला काय म्हणतात हें मला ठाऊक आहे. आमच्या वर्गांत त्याला मी “दगडाचें पाठांतर” म्हणत असें. ग्रू मात्र तिला असें टोचून बोलत नाहीं. तो थोडा बावरतो, बरें म्हटलेंस असें म्हणतो आणि जमेल तशी समजूत घालतो.

हें “दगडाचें पाठांतर” मी एकदां माझ्याच मुलीला म्हटलें आहे. ती तेव्हां नऊ वर्षांची होती, आणि दुर्दैवानें माझ्याच वर्गांत होती. स्नेहसंमेलनाची तालीम चालली होती. मास्तरांची मुलगी म्हणून तिला झुकतें माप मिळतें असें कोणी म्हणूं नये, या भयानें मी तिच्याशीं इतर मुलांहून दुप्पट कठोर असें. तिनें श्लोक म्हटले. एकहि अक्षर चुकलें नाहीं. आणि चाळीस मुलांसमोर मीं तिला तो शब्द ऐकविला. मुलें हंसलीं. ती रडली नाहीं, जागेवर जाऊन बसली. त्या दिवसानंतर ती कधींहि कोणत्याहि व्यासपीठावर उभी राहिली नाहीं. पुढें ती इंजिनियर झाली, पुण्यास स्थायिक झाली, सर्व कांहीं उत्तम झालें. पण लग्नांत उखाणा घ्यावयाची वेळ आली तेव्हां तिनें केवळ नवऱ्याचें नांव उच्चारून वेळ निभावली. लोकांना तो लाजाळूपणा वाटला. कारण काय तें एकट्या मला ठाऊक होतें.

त्या रात्रीं झोंप येईना, म्हणून वाल्मीकीचा विचार करीत पडलों. आपल्याकडे सुधारलेल्या दुष्टाचें नांव काढलें कीं वाल्याच आठवतो. खरें पाहतां मूळ रामायणांत हा वाल्या नाहीं. उत्तरकांडांत तर ऋषि स्वतःस प्रचेत्याचा पुत्र म्हणवितात आणि आपण कधीं असत्य बोललों नाहीं असा निर्वाळा देतात. वाटमारीची कथा अध्यात्मरामायणांत येते, तीहि वाल्मीकीच्याच तोंडीं. ऋषींनीं विचारलें, तुझ्या पापाचे वांटेकरी तुझीं बायकामुलें होतील काय? तो घरीं जाऊन विचारतो. घरचीं माणसें म्हणतात, फळ आमचें, पाप तुझें. त्या उत्तरानें त्याचे डोळे उघडतात; तो जपास बसतो आणि अंगावर वारूळ वाढतें.

ही कथा मीं वर्गांत वर्षानुवर्षें सांगितली. पण एक प्रश्न माझ्या मनांत त्या रात्रीं प्रथम आला. त्या बायकामुलांचें पुढें काय झालें? तो बाप घरून उठून गेला तो गेलाच. कथाकारांनीं त्यांना त्या झोंपडींत सोडून दिलें आहे. पुढें हाच वाल्मीकि सीतेला आश्रय देतो, तिच्या मुलांचीं कुश आणि लव अशीं नांवें ठेवतो, त्यांना वाढवितो, गाणें शिकवितो. इतका कोमल शिक्षक, इतका कनवाळू पालक साऱ्या वाङ्मयांत दुसरा सांपडावयाचा नाहीं. पण तीं मुलें दुसऱ्याचीं! स्वतःच्या मुलांच्या वांट्यास जो बाप आला तो कुऱ्हाड हातीं घेतलेला वाटमाऱ्याच. आपण आजोबा होऊन नातीपुढें परी व्हावयास तयार आहों, यांत फारसें पुण्य नाहीं, हें मला या कथेनें अंथरुणावर पडल्या पडल्या सांगितलें.

याहून निराळा मार्ग आपल्याच महाराष्ट्रांत एका संस्थानिकानें काढला होता. सांगली जिल्ह्यांत आटपाडीजवळ स्वतंत्रपूर म्हणून कैद्यांची एक वसाहत आहे. हा मुलूख तेव्हां औंध संस्थानाचा. सूर्यनमस्कारांचे पुरस्कर्ते आणि स्वतः चित्रकार असलेले भवानराव पंतप्रतिनिधि तेथें राज्य करीत होते. मॉरिस फ्रीडमन नांवाच्या पोलंडच्या एका यंत्रविदानें ही कल्पना पुढें मांडली आणि १९३९ सालीं तिला मूर्त स्वरूप आलें. तुरुंग, पण भिंतीवांचून. कैद्यानें शेत कसावें, आणि मुख्य म्हणजे त्यानें बायकामुलांसह तेथें राहावें. यावरून व्ही. शांताराम यांनीं १९५७ सालीं ‘दो आंखें बारह हाथ’ हा चित्रपट काढला. कथा ग. दि. माडगूळकरांची, आणि माडगूळकर तर त्याच माणदेशचे. १९५८ सालीं बर्लिनच्या महोत्सवांत त्याला रौप्य अस्वलाचा मान मिळाला. बैलाशीं झुंज घेण्याच्या चित्रणांत शांतारामांच्या डोळ्यास मोठी इजा झाली, हें तर सर्वश्रुतच आहे.

तो चित्रपट मीं लहानपणीं नागपुरास पाहिला होता आणि त्यानें मी भारावून गेलों होतों. सहा खुनी, आणि त्यांच्यावर प्रेमळ जरब ठेवणारे तुरुंगाधिकाऱ्याचे दोन डोळे! मास्तर झाल्यावर माझी समजूत अशी कीं आपणहि तेच डोळे आहों. आज वाटतें, स्वतंत्रपुरांतील खरी युक्ति चित्रपटांतील युक्तीहून अधिक खोल होती. तेथें पहारा अधिकाऱ्याच्या डोळ्यांचा कमी, घरांतल्या मुलाच्या डोळ्यांचा अधिक. ज्यांना टाकून माणूस तुरुंगांत गेला, तींच माणसें त्याच्याजवळ राहावयास येतात. वारुळांत बसावयास नको, आणि दुसऱ्याचीं मुलेंहि शोधावयास नकोत. रोज सकाळीं भाकरी देणारी तीच बायको आणि सारें माहीत असलेलें तेंच मूल. अशा पहाऱ्यांतून पळून जाणें कठीण, आणि त्याखालीं राहणें त्याहून कठीण असेल.

ग्रूच्या चित्रपटाविषयीं माझी एक तक्रार आहे, ती नोंदवितों. त्याचें पूर्वायुष्य मुलींना माहीत आहे, पण त्याची झळ त्यांना फारशी लागलेली दिसत नाहीं. थोरली मार्गो एका मुलाच्या नादीं लागते आणि तो दुसऱ्याच मुलीबरोबर नाचूं लागतो, तेव्हां बाप त्या पोराला आपल्या जुन्या यंत्रानें बर्फाच्या लादींत गोठवून टाकतो! सारे हंसतात, मीहि हंसलों. पण शस्त्रें कोठें ठेवलीं आहेत हें हा सुधारलेला गृहस्थ विसरलेला नाहीं, एवढें खरें. माझी छडीहि अजून कपाटामागें आहे. वापरांत नाहीं इतकेंच. शेवटीं मात्र एक गोष्ट झकास आहे. चाकरांना एक विषारी औषध देऊन कोणी राक्षस बनविलेलें असतें. त्यावरचा उतारा त्याच बेचव मुरंब्यांत कालवून त्यांना खाऊं घालतात, आणि सारे पूर्ववत् होतात. फसलेल्या मुरंब्याचा असा उपयोग आमच्या सौभाग्यवतींस फार पसंत पडला.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं नात एक कवितेची वही घेऊन आली. सुटी संपल्यावर शाळेंत म्हणून दाखवावयाची होती. मुलगी ओसरीवर संत्रीं सोलीत बसली होती. ती म्हणाली, “बाबा, तुम्ही घ्या तिची तयारी.”

“तूं घे,” मी म्हणालों.

“मला नाहीं येत. तुम्हांला माहीत आहे.”

मी थोडा वेळ गप्प राहिलों. मग म्हटलें, “त्या वेळीं चूक माझी होती.”

तिनें संत्र्याची साल बाजूला ठेवली. “कोणत्या वेळीं?” तिनें विचारलें.

मी सांगूं लागलों. संमेलन, तालीम, तो शब्द. ती मान खालीं घालून ऐकत होती. मधूनच म्हणाली, “चाळीस नव्हतीं, बेचाळीस होतीं.” आणि मग तिनें आणखी दोन प्रसंग सांगितले, जे मी साफ विसरून गेलों होतों. एकांत छडी होती. मीं तेहि ऐकून घेतले. नात वही धरून दोघांकडे आळीपाळीनें पाहत उभी होती; शेवटीं कंटाळून तिनें आपली कविता सुरूं केली, अगदीं त्या ॲग्नेससारखी, एका सुरांत, धडाधड.

मीं तोंड उघडलें नाहीं. तिसऱ्या ओळीवर मुलगीच म्हणाली, “इथें थांब. श्वास घे. आतां पुढची ओळ हळू म्हण.” आणि ती ओळ तिनें स्वतः म्हणून दाखविली.