गव्याच्या चुलतभावाच्या मुलखात

आमच्या कोल्हापूरकडे रानगव्याचे कुणाला फारसे अप्रूप नाही. उसाच्या फडात गवा शिरला, विहिरीत गवा पडला, असल्या बातम्या ऐकतच आम्ही मोठ्या झालो. दाजीपूरचे जंगल १९५८ साली अभयारण्य झाले ते याच जनावरासाठी, आणि त्याला 'बायसन अभयारण्य' असेच म्हणत. पण खरे सांगायचे तर गवा हा बायसन नव्हेच! गोऱ्या साहेबाने ते नाव ठोकून दिले आणि ते चिकटले. खरा बायसन आहे तो उत्तर अमेरिकेत आणि युरोपात. आपल्या गव्याचा तो चुलतभाऊ म्हणा ना.

या चुलतभावाच्या मुलखात आम्ही गेली काही वर्षे संसार मांडून आहोत. कॅनडाच्या पार वायव्य टोकाला, अलास्काला लागून युकॉन नावाचा प्रदेश आहे. आपल्या महाराष्ट्राच्या दीडपट मोठा, आणि २०२१ च्या शिरगणतीत माणसे किती, तर अवघी ४०,२३२! त्यातली अठ्ठावीस हजार एकट्या व्हाइटहॉर्स या राजधानीत. म्हणजे आपल्याकडचे एखादे तालुक्याचे गाव, आणि त्याच्या चहूबाजूंना नुसते जंगल, डोंगर नि गोठलेली तळी. इथे ह्यांची नोकरी. मी घर सांभाळून आठवड्यातले तीन दिवस शाळेत शिकवते.

इथल्या बायका हिवाळ्याच्या तोंडाशी एकमेकींना पहिला प्रश्न विचारतात, "फ्रीझर भरला का?" आपण कशा उन्हाळ्यात "गहू भरले का?" म्हणून विचारतो, अगदी तसा. आमच्या शेजारीणबाई इस्पितळात नर्स आहेत. यजमान गेल्यापासून दोन वाढत्या मुलांचे सगळे त्याच बघतात. इथे दुकानात येणारी जिन्नस बहुतेक सगळी दुरून ट्रकने येते, त्यामुळे मटणाचे भाव ऐकून छातीत धस्स होते. परवाना काढून एक बायसन मिळाला, तर त्यांच्या घरचे वर्षभराचे निभते. २०२३ च्या फेब्रुवारीत त्या, त्यांचा भाऊ आणि आमच्या शाळेत इथली सदर्न टचोनी भाषा शिकवणाऱ्या एक वयस्क बाई असे तिघे निघाले होते. "तुम्ही दोघंही चला, स्वयंपाकाला आणि तंबूतली चूल राखायला माणूस हवंच आहे," असे त्यांनी म्हटले, आणि हे माझ्याकडे बघायला लागले.

फोनवर सासूबाईंना सांगितले तर त्या एकदम गप्पच झाल्या. मग म्हणाल्या, "अगं, गव्यासारखा म्हणजे गाईच्याच जातीचा ना तो?" आमचे घर मटण खाणारे. पण गाईगुरांची गोष्ट वेगळी. शिवाय शिकार म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वाघावर पाय ठेवून उभा असलेला संस्थानिक येतो. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने आपल्याकडची शिकार बंद झाली, ते चांगलेच झाले असे मीही मुलांना शिकवत आले आहे. मग इथे त्याच शिकारीला चूल राखायला जायचे? दोन दिवस मला काही सुचेना.

शेवटी शाळेतल्या त्या बाईंनाच विचारले. त्यांनी सांगितले ते ऐकण्यासारखे आहे. या भागात एके काळी बायसन होते. काही शतकांपूर्वी ते इथून नाहीसे झाले. "माझ्या लहानपणी आम्ही बायसन पाहिलाच नव्हता. आजोबांच्या गोष्टींत तेवढा तो होता," असे त्या म्हणाल्या. बाकीच्या कॅनडातही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या उत्तरेकडच्या जातीचे, म्हणजे वुड बायसनचे, काही शेकडेच उरले होते. त्यांच्यासाठी १९२२ साली 'वुड बफेलो' हे राष्ट्रीय उद्यान काढले. पण पुढे दक्षिणेतून सहा हजारांवर दुसऱ्या जातीचे बायसन तिथेच आणून सोडले, आणि त्यांच्याबरोबर क्षयासारखे रोगही आले. शुद्ध वुड बायसन संपले असेच सगळे धरून चालले होते, तोच १९५७ साली त्या उद्यानाच्या एका कोपऱ्यात एक आडबाजूचा कळप सापडला. त्यातले काही एल्क आयलंड नावाच्या उद्यानात नेऊन निगराणीने वाढवले, आणि तिथून १९८८ ते १९९२ या काळात सुमारे १७० जनावरे युकॉनमध्ये आणून सोडली. ती अशी फोफावली, की हमरस्त्यावर गाड्यांना आडवी यायला लागली. मूस आणि कॅरिबू या हरणांच्या चाऱ्याचे काय, अशीही लोकांना काळजी पडली. म्हणून १९९८ पासून परवान्याने शिकार सुरू केली. तरीही कळप हजाराच्या वर गेलाच. हे सगळे ऐकल्यावर मी सामानाची यादी करायला बसले.

यादीतल्या चार गोष्टी तुमच्यासाठी सांगते. लेह-लडाखला किंवा मनालीला जाणाऱ्या मैत्रिणींनाही उपयोगी पडतील. अंगाला लागून सुती कपडा मुळीच नको. घामाने तो ओला होतो आणि ओला झाला की गोठवतो. आत लोकरीचे घालावे. हातमोजे पाच बोटांचे नकोत, लहान बाळाच्या झबल्याला असतात तसे पिशवीसारखे हवेत, म्हणजे बोटे एकमेकांना ऊब देतात. कानातले, नाकातले, बांगड्या घरी काढून ठेवाव्यात. धातू गार पडला की कातडीला चावतो. आणि बर्फ वितळवून पाणी करताना पातेल्यात आधी वाटीभर पाणी घालावे, नाही तर कोरडा बर्फ तळाला करपतो आणि पाण्याला जळका वास लागतो. बर्फ करपतो, हे मला कुणी कोल्हापुरात सांगितले असते तर मी हसले असते!

खाण्याचे म्हणाल, तर मटकीची उसळ आणि खिमा घरीच शिजवून, पिशव्यांत घालून चपट्या लाद्या गोठवून नेल्या. अंडी फोडून बाटलीत भरली. थालीपिठे भाजून नेली. शेंगदाण्याचे लाडू मात्र प्रत्येकाने कोटाच्या आतल्या खिशात ठेवायचे, नाही तर त्यांचे दगड होतात. गूळ कुऱ्हाडीने फोडावा लागला.

व्हाइटहॉर्सहून १९४२ साली बांधलेल्या अलास्का हायवेने पश्चिमेला दोनएक तास गेले, की उजव्या हाताला एशिॲक तलावाचा रस्ता फुटतो. वाटेत ऑटर नावाचा धबधबा लागतो. १९५४ सालच्या कॅनडाच्या पाच डॉलरच्या नोटेवर त्याचेच चित्र होते. आम्ही गेलो तेव्हा तो जागच्या जागी थिजून उभा होता. पुढे गाड्या ठेवून स्नोमोबाईलवर बसलो. ही एक बर्फावरची फटफटी समजा. मागे सामानाची घसरगाडी बांधलेली. उणे एकतीस अंश! पापण्यांना पापण्या चिकटत होत्या, आणि श्वास ओढनीवर बसून तिचा पत्रा झाला होता.

खरा धोका थंडीचा नव्हे, पाण्याचा, हे पहिल्याच दिवशी कळले. तळ्यावरचा बर्फ जाड असतो, पण वर साठलेल्या भुसभुशीत बर्फाच्या ओझ्याने तो दबतो, भेगांतून पाणी वर येते आणि त्या गादीखाली लपून बसते. वरून काही म्हणजे काही दिसत नाही. आमचे स्नोमोबाईल असेच एका ठिकाणी रुतले. ते ढकलायला हे उतरले, तो उजवा पाय घोट्याच्या वर पाण्यात! शेजारीणबाई ओरडल्या, "मशीन राहू द्या, आधी पाय!" पाच मिनिटांत आम्ही काठाला. त्यांच्या भावाने स्प्रूसच्या वाळक्या काटक्यांचा जाळ केला. मी बुटाची नाडी सोडायला गेले तर ती तारेसारखी ताठ. ती चाकूने कापली. कोरडे मोजे माझ्या कोटातच होते. ह्यांची बोटे पांढरी पडली होती. ती मी माझ्या पोटाशी धरून बसले. "दुखतंय," असे हे म्हणाले तेव्हा कुठे शेजारीणबाईंच्या चेहऱ्यावर हसू आले. "दुखतंय ते चांगलं. दुखायचं थांबलं तर घाबरायचं." मशीन काढण्यात तो दिवस गेला.

राहायला जाड कापडाचा तंबू, खाली स्प्रूसच्या फांद्या अंथरलेल्या, आणि मधे धुराडे असलेली पत्र्याची चूल. रात्री पाळीपाळीने उठून तीत लाकूड घालायचे. बंदूक मात्र बाहेर थंडीतच ठेवायची. ती आत आणली तर तिला दव सुटते आणि बाहेर नेल्यावर तेच गोठून बसते.

तिथे फेब्रुवारीत सूर्य उगवतो सकाळी साडेनवाच्या सुमारास. दुसऱ्या दिवशी दुपारभर पाऊलखुणा पाहत हिंडलो. मशीनच्या आवाजाला ही जनावरे बिचकतात, म्हणून शेवटचे अंतर पायांना जाळीदार बर्फपावले बांधून चालायचे. सूर्य टेकता टेकता कळप दिसला. मी त्यांना पहिल्यांदा पाहिले ते तेव्हा. भलेमोठे डोके, दाढी, आणि आपल्या खोंडालाही नसेल असे प्रचंड वशिंड. डोके डावीकडे-उजवीकडे फिरवून ती बर्फ बाजूला सारत होती आणि खालचे वाळके गवत खात होती. पाठीवर बर्फाचा थर तसाच होता. केस इतके दाट, की अंगातली ऊब त्या बर्फापर्यंत पोचतच नाही. सर्वांत मोठा नर हजार किलोच्या आसपास भरेल. अमेरिकेच्या जमिनीवर याहून मोठे जनावर नाही.

शेजारीणबाई बराच वेळ बंदूक रोखून पालथ्या पडून होत्या. मग हळूच उठल्या. एकामागे एक जनावरे उभी होती, उजेड मावळत होता. "गोळी एकाला लागून दुसऱ्यालाही लागली तर? अंधारात जखमी जनावर शोधणार कोण?" त्यांची रजा एकाच दिवसाची उरली होती, फ्रीझर रिकामा होता, तरी त्या परत फिरल्या. आमच्यापैकी कुणी चकार शब्द काढला नाही.

तिसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास एक तीनेक वर्षांचा नर कळपापासून सुटा, आडवा उभा मिळाला. एकच आवाज झाला. तो चार पावले चालला आणि बसला, जसे एखादे गुरू रवंथ करायला बसते ना, तसा. माझे डोळे भरून आले हे मी लपवणार नाही. शाळेतल्या बाई पुढे गेल्या आणि त्याच्या कपाळावर हात ठेवून आपल्या भाषेत हलक्या आवाजात काही बोलल्या. त्याचा अर्थ मी विचारला नाही.

नंतर मात्र रडायला फुरसत नव्हती. कातडे इतके उबदार, की ते लगेच काढले नाही तर उणे तीसमध्येही आतले मांस नासते. आणि काढले की बाहेरचे गोठून लाकूड होते. पाच माणसे सहा तास राबत होती.  मी सुऱ्या पुसून देणे, तुकडे कापडी पिशव्यांत भरणे, गरम चहा फिरवणे, हे केले. खाण्याजोगे मांस रानात टाकून येणे इथे गुन्हा आहे. खालच्या जबड्याचे पुढचे दात सरकारच्या वन्यजीव खात्याला द्यावे लागतात. त्यांवरून जनावराचे वय कळते आणि कळपाचा हिशेब राहतो. आतडी तेवढी मागे राहिली, ती डोमकावळ्यांना आणि कोल्ह्यांना. कातडे बाईंनी नेले.

घरी आल्यावर दीडशे किलोच्या वर मांसाची वाटणी झाली. मोठा वाटा शेजारीणबाईंचा, आणि बाईंच्या ओळखीच्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी पिशव्या गेल्या त्या सर्वांत आधी. आम्हाला एक पिशवी आली. हे म्हणाले, "मला नाही जमायचं," आणि त्यावर आमच्या घरात वाद झाला नाही. मी खाल्ले. कोल्हापुरात कागदात बांधून आलेले मटण मी वर्षानुवर्षे शिजवले, पण त्या बकऱ्याचा चेहरा कधी पाहिला नव्हता. याचा पाहिला होता. त्यामुळे मन मोडून नव्हे, कळून-सवरून खाल्ले. सासूबाईंनाही तसेच सांगितले. त्या जरा वेळ काही बोलल्या नाहीत. मग विचारले, "काही वाया तर नाही ना गेलं?" मी म्हटले, "नाही." "मग ठीक. पण मला नको सांगूस कसं लागलं ते."

ज्यांना चालते अशा परदेशातल्या भगिनींसाठी मात्र सांगते. बायसनला चरबी अगदी कमी, त्यामुळे मोठ्या आचेवर ते वादीसारखे चिवट होते. आले, लसूण, दही लावून रात्रभर ठेवावे, कांदा-खोबऱ्याचे वाटण थोडे सढळ हाताने घालावे, झाकणावर पाणी ठेवावे आणि मंद आचेवर तीन तास विसरून जावे. शेजारीणबाईंची मुले आमच्या तांबड्या रश्शाला आता "ते लाल सूप" म्हणतात आणि नाक पुसत पुसत दुसऱ्यांदा वाटी पुढे करतात.