सातवीची अट

आज तुरीला शेंगअळीची फवारणी उरकली. औषधाचं माप आमच्या भावकीतल्या पोरानं धरलं. पंपाला किती मिली, एकराला किती पंप, सगळं तोंडी. शाळा मात्र चौथी. त्यावरून डिसेंबर 2020 आठवला.

ग्रामपंचायतीचे अर्ज भरणं चालू होतं. आमच्या कळंब तालुक्यातही धावपळ होती. वॉर्डातल्या लोकांनी यालाच उभा करायचं ठरवलेलं. घरपट्टी भरली, शौचालयाचा दाखला काढला. अन् मग कळलं, 1 जानेवारी 1995 ला किंवा त्यानंतर जन्मलेला असंल तर सातवी पास पाहिजे. 2017 ला थेट सरपंचासाठी आलेली ही अट आता सदस्यालाही होती.

पोराचा जन्म मार्च 1996 चा. थोरला भाऊ 1993 चा, तोही चौथीच, त्याला अट नाही!

आईबाप कोयत्यावर. दसरा झाला की टोळी निघायची, कधी सांगली-कोल्हापूरकडं, कधी कर्नाटकात. पट्टा पडून माघारी येईस्तोवर इकडं परीक्षा उरकलेली. असं दोनदा झालं अन् शाळा सुटली ती सुटलीच. शिक्षण हक्काचा कायदा 1 एप्रिल 2010 ला लागू झाला, सहा ते चौदा वर्षांच्या लेकरांसाठी. याला चौदा पूर्ण होऊन महिनाही झाला नव्हता. त्याच्या मागच्यांना त्या कायद्यानं आठवीपर्यंत नापास करायचं नाही म्हणून सांभाळून घेतलं. शाळा द्यायला सरकार उशिरा आलं, दाखला मागायला बरोबर वेळेवर.

दुसरी बाजूही खोटी नाही. सरपंचाची चेकवर सही लागते, न वाचता सही केलेला सरपंच कसा गोत्यात येतो हे आपण बघितलंय. हरियाणातली शिक्षणाची अट सुप्रीम कोर्टानं डिसेंबर 2015 मध्ये वैध ठरवली. पण राजस्थानानं तशीच अट आणून 2019 ला काढून टाकली. आणि आमदार-खासदाराला तर कुठल्याच इयत्तेची अट नाही. कायदे करणाराला शाळा नको, गल्लीतल्या नळाचं बघणाराला सातवी पाहिजे. निवडून आल्यावर हिशोब वाचायचं शिकवा की, कोण नको म्हणतंय?

शेवटी अर्ज थोरल्याच्या नावानं भरला. प्रचार धाकट्यानं केला, खर्चाचा हिशोबही त्यानंच ठेवला. थोरला तेव्हा उसाच्या फडात होता, सही करायला दोन दिवसांसाठी आला अन् परत गेला.