उंबलकड

गॉलच्या किल्ल्यापासून जवळच, एका घरात आम्ही चार रात्री राहिलो. पहिल्या सकाळी ताटात तांदळाच्या शेवयांच्या पांढऱ्या चकत्या आल्या आणि आई जवळजवळ ओरडलीच, "अगं, हे तर शिरवाळे!" रत्नागिरीत उंडे आधी शिजवून मग साच्यातून काढतात, इथे आधी चाळणीवर पिळून मग वाफवतात. आपला नारळाचा रस गुळाचा, यांचा हळद-मिरची-कढीपत्त्याचा. नाव 'इंदिअप्पा'. सोबत पोल सांबोल: खवलेला ओला नारळ, लाल तिखट, बारके कांदे, लिंबू.

आई जन्माची शाकाहारी. परदेशात उपाशी राहायची तयारी म्हणून तिने मेतकूट आणलं होतं. ते उघडलंच नाही. दुसऱ्या दिवशी ती मालकीणबाईंच्या स्वयंपाकघरात खोवणीवर नारळ खवत बसली. त्या खोवणीला त्या 'हिरमणय' म्हणत. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती आणि त्याने काही अडलंही नाही.

तिसऱ्या दिवशी मी एकटीच पाणी घ्यायला आत गेले. बाई खलबत्त्यात लाकडाच्या ढलप्यांसारखं काहीतरी कुटत होत्या. विचारलं, तर म्हणाल्या, "उंबलकड. मालदीव फिश." उकडून, धुरी देऊन, वाळवून खडखडीत केलेला ट्यूना. सांबोलमध्ये तो असतोच, बऱ्याचदा त्या पिवळ्या रश्श्यातही. मी आल्याआल्या "नो मीट" एवढंच सांगितलं होतं. मासा हा शब्द मीच उच्चारला नव्हता.

मी हळूच सांगितलं, उद्यापासून नको. चौथ्या सकाळी आईने घास घेतला आणि म्हणाली, "आज काहीतरी कमी आहे."

पुण्याला आल्यावर तिने सांबोल तीनदा केलं. कधी नारळाला दोष, कधी तिखटाला. चौथ्यांदा ती लिंबं बदलून बघायला निघाली, तेव्हा मी सांगून टाकलं.

बराच वेळ ती खवलेल्या नारळातली करवंटीची काळी कुसं वेचत राहिली.

"तिला माहीत होतं का, आपण खात नाही ते?"

"नाही. मी नीट सांगितलं नाही."

"मग तिला कळवू नकोस. वाईट वाटेल."

त्या दिवशीच्या सांबोलमध्ये मासा नव्हता. तरी आईने ते खाल्लं नाही. डब्यात भरून माझ्या हातात दिलं.